लिफ्ट का अडकली हे सांगितलंत, तिथेच नाटक हातातून गेलं

ऐरोलीहून एका मुलीने विचारलं आहे. तिच्या कॉलेजच्या ग्रुपने एकांकिका केली. घोडबंदर रोडवरच्या एका टॉवरची लिफ्ट सातव्या आणि आठव्या मजल्याच्या मध्ये अडकते. आत चौघं: सोसायटीचे सेक्रेटरी, इंटरव्ह्यूला निघालेली एक मुलगी, पार्सल घेऊन आलेला डिलिव्हरीवाला आणि मांडीवर स्टीलचा डबा घेऊन खाली बसलेली एक आजी. स्पर्धेत परीक्षकांनी शेरा दिला, "ॲब्सर्डचा प्रयत्न चांगला, पण शेवटी ते ॲब्सर्ड राहिलं नाही." तिचा प्रश्न असा: "ताई, आम्ही वर्गात शिकवलेली सगळी लक्षणं टाकली होती. कथानक नाही, संवाद तुटक, जागा बंदिस्त, सारखी पुनरावृत्ती. मग चुकलं कुठे? आणि मुळात एखादं नाटक ॲब्सर्ड आहे हे ओळखायचं कसं?"

संहिता तिने सोबत पाठवली आहे. मी ती दोनदा वाचली, दुसऱ्यांदा मोठ्याने. ठाण्यात सव्वीस वर्षं एकांकिका आणि प्रायोगिक नाटकं बसवते आहे, त्यामुळे हा प्रश्न दर मोसमात एकदा तरी समोर येतो. या वेळी उत्तर सविस्तर देते, कारण तुमच्या संहितेतच अर्धं उत्तर आहे. पहिली अठरा पानं खरंच ॲब्सर्ड आहेत. शेवटची पाच नाहीत.

आधी त्या यादीबद्दल. तुम्हाला शिकवलेली लक्षणं खोटी नाहीत, पण ती मागाहून गोळा केलेली आहेत. सॅम्युएल बेकेट, युजीन आयनेस्को, आर्थर अदामोव्ह, ज्याँ जने या लेखकांनी एकत्र बसून कुठला जाहीरनामा काढला नव्हता. मार्टिन एस्लिन या समीक्षकाने १९६१ साली पुस्तक लिहिलं, या सगळ्यांना 'थिएटर ऑफ द ॲब्सर्ड' या एका नावाखाली आणलं, आणि तेव्हापासून ते नाव चिकटलं. मराठीत कुणी 'असंगत नाट्य' म्हणतं, कुणी 'न-नाट्य'. तालमीत मात्र सगळे ॲब्सर्डच म्हणतात, मीही तेच म्हणते.

यादी घेऊन नाटक लिहायला बसलं की काय होतं, ते मी नाट्यगृहात बसून पुष्कळ पाहिलंय. हिरवा लाइट, धूर, पांढरे रंगवलेले चेहरे, एक टांगलेलं घड्याळ, आणि मध्येच कुणीतरी किंचाळतं. माझ्या सुरुवातीच्या एका प्रयोगात मीही हे सगळं केलं होतं. प्रेक्षक कंटाळले, आणि त्यांचं बरोबर होतं. विचित्र दिसणं हे ॲब्सर्डचं लक्षण नाहीच. विचित्र तर जादूचे प्रयोगही दिसतात.

एस्लिनने त्या पुस्तकात जो फरक सांगितला आहे, तो एवढा नीट समजला तरी यादीची गरज उरत नाही. फ्रेंच लेखक आल्बेर काम्यूने १९४२ साली ग्रीक पुराणकथेतल्या सिसिफसवर निबंध लिहिला. शिळा डोंगरावर ढकलत न्यायची, ती गडगडत खाली येणार, पुन्हा ढकलायची. माणसाच्या जगण्याला आयता अर्थ नाही, हे त्याने अतिशय स्वच्छ, तर्काला धरून लिहिलं. त्याच्याच काळातला तत्त्वज्ञ सार्त्र, त्यानेही नाटकं लिहिली, ती बांधेसूद आहेत, पात्रं मुद्देसूद वाद घालतात. म्हणजे जगात सुसूत्रता नाही हे सांगायला ते अगदी सुसूत्र भाषा वापरतात. ॲब्सर्ड नाटककार हे सांगतच नाही. त्याच्या नाटकाची बांधणीच तशी असते. संवादावरचा विश्वास उडाला आहे असं पात्र म्हणत नाही, संवादच डोळ्यांसमोर ढासळतो.

आता तुमचं एकोणिसावं पान उघड. इंटरव्ह्यूवाली मुलगी प्रेक्षकांकडे वळते, लाल स्पॉट येतो, आणि ती दीड पान बोलते: आपण सगळेच अडकलोय, आयुष्य म्हणजे एक लिफ्ट आहे, बटण दाबणारा कोण हे कुणालाच माहीत नाही. लिहिलंय चांगलं, आणि टाळ्याही पडल्या असणार. पण त्या क्षणी तुमचं नाटक काम्यूच्या बाजूला गेलं, बेकेटच्या बाजूला राहिलं नाही. जे अठरा पानं प्रेक्षकाच्या अंगावर येत होतं, ते आता त्याला समजावून सांगितलं जातंय. समजलं की माणूस खुर्चीत मागे रेलून बसतो. ॲब्सर्डमध्ये त्याला रेलू द्यायचं नसतं.

माझी पहिली कसोटी हीच आहे. नाटकातलं असं वाक्य शोधायचं, जे नाटकाचा अर्थ सांगतं. असं वाक्य सापडलं आणि ते पात्राने मनापासून, प्रेक्षकांना पटावं म्हणून म्हटलेलं असलं, तर ते नाटक दुसऱ्या घरातलं आहे. ते वाईट असेल असं नाही, पण दुसऱ्या घरातलं आहे. बंगाली नाटककार बादल सरकारांच्या 'एवम् इंद्रजित'ला सर्रास ॲब्सर्ड म्हटलं जातं. अमल, विमल, कमल ही एकाच साच्यातली माणसं, फिरून फिरून तेच ऑफिस, तेच प्रश्न, हे सगळं त्यात आहे. पण इंद्रजित स्वतः जागा आहे, तो विचारतो, झगडतो, आणि लेखक नावाचं पात्र त्याच्याशी त्यावरच बोलतं. मला ते नाटक फार प्रिय आहे, तरी त्याला मी काम्यू-सार्त्रच्या घरातलं, अस्तित्ववादी नाटक म्हणेन.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते, आणि ती तुमच्याकडे आहे. कदाचित नकळत आली असेल. तुमच्या सहाव्या पानावर सेक्रेटरी म्हणतात, आपण चौघं इथे आहोतच तर सर्वसाधारण सभा उरकून घेऊ. मग ते मोजतात. डिलिव्हरीवाला सभासद नाही, म्हणून तो मोजायचा नाही. आजी मुलाच्या नावावरच्या फ्लॅटमध्ये राहते, तीही नाही. गणसंख्या भरत नाही. सेक्रेटरी जाहीर करतात, "गणसंख्येअभावी सभा अर्धा तास तहकूब करण्यात येत आहे." आणि चौघंही, त्या पाच बाय पाचच्या डब्यात, अर्धा तास गप्प राहतात. मग सेक्रेटरी घड्याळ पाहतात आणि म्हणतात, तहकूब सभेला गणसंख्येची अट नाही, सुरू करू या.

हे पान वाचून मी वही बाजूला ठेवली आणि थोडा वेळ नुसती बसून राहिले. कारण हे खोटं नाही. आपल्या गृहनिर्माण सोसायट्यांमध्ये नियम असाच आहे: गणसंख्या नसेल तर सभा तहकूब, आणि नंतर भरलेल्या तहकूब सभेला गणसंख्या लागत नाही. तुम्ही नियम जसाच्या तसा घेतलात, फक्त अडकलेल्या लिफ्टमध्ये नेऊन ठेवलात. आणि मुख्य म्हणजे आत कुणालाही ते विचित्र वाटत नाही. डिलिव्हरीवाला म्हणतो, "मग मी बाहेर उभा राहू का?" आणि हा प्रश्न तो मनापासून विचारतो.

ॲब्सर्ड ओळखण्याची माझी सगळ्यात पक्की खूण ही आहे. परिस्थिती अशक्य असते, पण आतल्या माणसांचे रीतिरिवाज अगदी रोजचे असतात, आणि ती ते निष्ठेने पाळतात. आश्चर्य वाटायचं ते प्रेक्षकाला. पात्राला आश्चर्य वाटलं की ती फॅण्टसी झाली किंवा भयकथा झाली. सतीश आळेकरांचं 'महानिर्वाण' (१९७४) घे. भाऊराव मेला आहे आणि स्वतःच्याच मरणाचं कीर्तन लावतो आहे. मेलेला माणूस बोलतो कसा, असं तिथे कुणी विचारत नाही. अडचण निराळीच आहे: त्याला जुन्याच स्मशानात जळायचंय. म्हणजे जगण्यामरण्याचा प्रश्न बाजूला आणि सोयीगैरसोयीची चर्चा पुढे. चाळकऱ्यांची लगबग, त्याच्या बायकोचा, रमेचा शोक, कीर्तनाची चाल, सगळं आपल्या घरातलं आहे, म्हणूनच ते इतकं हलवतं. आळेकरांनी ते पॅरिसहून आणलेलं नाही. कीर्तन कसं लागतं, अंत्यविधीला लोक काय बोलतात, हे त्यांनी कान देऊन ऐकलं होतं.

'बेगम बर्वे' (१९७९) मात्र मी थोडी बाजूला ठेवते. संगीत नाटकात बारीकसारीक स्त्रीभूमिका केलेला, आता उदबत्त्या विकणारा बर्वे, आणि त्याच्या स्वप्नात येऊन मिसळणारे दोन कारकून. तिथे स्वप्न आणि जग यांची सरमिसळ होते, पण आपल्याला शेवटपर्यंत कळत राहतं की हे स्वप्न कुणाचं आणि ते का पडतंय. त्यामागे दारिद्र्य आहे, हरवलेला काळ आहे. त्याचं दुःख माणसाचं आहे, नाव-गाव असलेलं. ॲब्सर्डच्या उंबऱ्यावर उभं असलेलं ते नाटक आहे, आणि उंबऱ्यावर आहे म्हणूनच त्याची थोरवी आहे असं मला वाटतं. परीक्षेत कुणी विचारलं तर शिक्षकांचं उत्तर लिही. तालमीत माझं लक्षात ठेव.

आता भाषेकडे येऊ. "तुटक संवाद" हे लक्षण वाचून मुलं काय करतात? वाक्यं अर्धवट सोडतात, टिंबं टिंबं लिहितात. आयनेस्को सुरुवात करतो ती पूर्ण, धडधाकट वाक्यांनी. तो इंग्रजी शिकत होता. शिकवणीच्या पुस्तकातली वाक्यं उतरवताना त्याला दिसलं की त्यात अचाट सत्यं सांगितली आहेत: आठवड्याला सात दिवस असतात, जमीन खाली आणि छत वर असतं. आणि पुस्तकातली बाई नवऱ्यालाच सांगते की आपल्याला मुलं किती आणि आपण राहतो कुठे. त्यातून 'द बाल्ड सोप्रानो' आलं, पॅरिसमध्ये, ११ मे १९५० रोजी. त्यात मार्टिन नावाचं जोडपं आहे. दोघं अनोळखी माणसांसारखी बोलायला लागतात. तुम्हीही मँचेस्टरच्या? मीही. त्याच गाडीने आलात? मीही. त्याच रस्त्यावर, त्याच घरात, त्याच पलंगावर? काय हा योगायोग! असं करत करत ते या निष्कर्षाला येतात की आपण नवरा-बायको असलं पाहिजे. प्रत्येक वाक्य व्याकरणशुद्ध आहे, शिष्टाचाराला धरून आहे, तर्काला धरून आहे. मोडलंय ते त्या वाक्यांमधलं माणूसपण.

बेकेट आयरिश, आयनेस्को रुमानियात जन्मलेला, अदामोव्ह रशियातून आलेला. तिघांनीही नाटकं फ्रेंचमध्ये लिहिली, आणि बेकेटसाठी तर ती मागाहून आपलीशी केलेली भाषा होती. मला यात मोठं कारण दिसतं. आईच्या भाषेतले ठोकळे आपल्याला दिसत नाहीत, कारण आपण त्यातच वाढलेलो असतो. परकी भाषा शिकणाऱ्याला प्रत्येक ठोकळा वेगळा दिसतो, हातात घेऊन फिरवता येतो. आणि ही माणसं दुसऱ्या महायुद्धातून गेलेल्या युरोपात लिहीत होती. देश, प्रगती, संस्कृती हे मोठमोठे शब्द कशासाठी वापरले गेले ते त्यांनी पाहिलं होतं. शब्दांवरून मन उडायला एवढं पुरे होतं.

आपल्याला मराठीत हे करायचं असेल तर कान तसे तयार करावे लागतात. मी मुलांना एक काम देते. सोसायटीच्या नोटीस बोर्डवरची सूचना घ्यायची, "सर्व सभासदांना कळविण्यात येते की", आणि नवरा-बायकोच्या भांडणात ती भाषा वापरायची. शब्द बदलायचे नाहीत. किंवा ठाणे-वाशी गाडीत बसून कोपरखैरण्यापर्यंत समोरच्या दोघांचं बोलणं नुसतं ऐकायचं आणि घरी येऊन लिहायचं. "काय, मजेत?" "चाललंय." "बाकी?" "बाकी काय, तुमचं?" "आपलं तेच." या पाच वाक्यांत काहीही सांगितलं गेलेलं नाही, आणि तरी ती म्हटली नसती तर दोघंही अस्वस्थ झाले असते. हे "बाकी?" मला जगातल्या कुठल्याही ॲब्सर्ड संवादाच्या तोडीचं वाटतं. तुमच्या आजीचं "आठवा आला का?" आणि त्यावर मुलीचं "येईल" हेही त्याच जातीचं आहे. त्याला हात लावू नका.

पुनरावृत्तीबद्दल थोडं, कारण इथे बहुतेक सगळे घसरतात. बेकेटचं 'वेटिंग फॉर गोदो' ५ जानेवारी १९५३ ला पॅरिसच्या एका छोट्या थिएटरात रॉजे ब्लँने दिग्दर्शित करून आणलं. दोन अंक. दोन माणसं, एक झाड, गोदोची वाट पाहणं, संध्याकाळी एक मुलगा येऊन सांगतो की आज येणार नाहीत, उद्या नक्की. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. व्हिव्हियन मर्सिए या समीक्षकाने लिहिलं की या नाटकात काहीच घडत नाही, तेही दोनदा. वाक्य चटकदार आहे आणि सगळे ते सांगतात, पण त्यावर विसंबून दुसरा अंक पहिल्याची नक्कल म्हणून बसवला तर नाटक मरतं. दुसऱ्या अंकात झाडाला चार-पाच पानं फुटली आहेत. पहिल्या अंकात वाटेने आलेला धनी पोझो आंधळा झालाय. त्याचा दोरीने बांधलेला नोकर लकी, ज्याने पहिल्या अंकात एक अफाट भाषण केलं, तो मुका झालाय. मुलाला काल इथे आल्याचं आठवत नाही. म्हणजे चक्र फिरतं, पण दर फेरीला काहीतरी झिजतं. बेकेटच्याच 'हॅपी डेज'मध्ये (१९६१) बाई पहिल्या अंकात कमरेपर्यंत मातीच्या ढिगात गाडलेली आहे, दुसऱ्यात गळ्यापर्यंत. तिचा उत्साह मात्र तोच, आजचा दिवस किती छान म्हणायची सवय तीच.

तुमच्या लिफ्टमध्ये तीन दिवस जातात, फटीतून पेपर सरकतो, त्यावरून ते कळतं. ही कल्पना फार चांगली आहे. पण तीनही दिवस सारखेच आहेत. तिसऱ्या दिवशी कुणाचं काय गेलं? हा प्रश्न प्रत्येक नटाने स्वतःच्या पात्राला विचारला पाहिजे.

आता शेवट. मुलीला अपघात झाला होता, ती कोमात आहे, लिफ्ट म्हणजे तिचं मन, बाकीची तीन माणसं म्हणजे तिच्या आठवणी. परीक्षकांनी बोट ठेवलं ते इथेच असणार, आणि माझंही मत तेच आहे. अठरा पानांचं कोडं घातलंत आणि शेवटी उत्तराची किल्ली दिलीत. किल्ली मिळाली की सगळं जागच्या जागी बसतं. सभा म्हणजे तिची भीती, आजी म्हणजे तिची आजी, डबा म्हणजे माया. प्रेक्षक हुश्श करतो.

आपल्या संतवाङ्मयात कूट आहे ना, "काट्याच्या अणीवर वसले तीन गाव, दोन ओसाड, एक वसेचिना". ऐकायला ते कुठल्याही ॲब्सर्ड नाटकापेक्षा कमी नाही. पण ते कूट आहे, त्यामागे अर्थ आहे, गुरू तो उलगडून देतो. ऐकणाऱ्याने तो शोधावा अशीच अपेक्षा आहे. ॲब्सर्ड नाटकात उलगडून देणारा कुणी नसतो, लेखकही नसतो. गोदो कोण, असं बेकेटला विचारलं तेव्हा त्याचं उत्तर होतं की मला माहीत असतं तर नाटकातच सांगितलं असतं. हे टाळाटाळीचं उत्तर नव्हतं. ज्या क्षणी गोदो म्हणजे देव, किंवा मृत्यू, किंवा स्वातंत्र्य असं एकच ठरतं, त्या क्षणी वाट पाहणं संपतं, आणि नाटक तर वाट पाहण्याचंच आहे.

स्पर्धांमध्ये याचंच दुसरं रूप दिसतं: खुर्ची म्हणजे सत्ता, दोरी म्हणजे परंपरा, पिंजरा म्हणजे समाज. तिथे 'म्हणजे' शब्द आला की ते प्रतीकनाट्य झालं. आयनेस्कोच्या 'द चेअर्स'मध्ये (१९५२) म्हातारा-म्हातारी न दिसणाऱ्या पाहुण्यांसाठी खुर्च्या आणतात, आणतच राहतात. त्या खुर्च्या कशाचंही प्रतीक असण्याआधी खुर्च्या आहेत. त्या वाढतात, जागा खातात, म्हाताऱ्या जोडप्याला एकमेकांपासून दूर ढकलतात. माणसं नाहीत आणि वस्तूंची गर्दी आहे. हे समजावून सांगावं लागत नाही, दिसतंच.

त्याच आयनेस्कोचं 'ऱ्हायनॉसरस' (१९५९) मात्र मला ॲब्सर्डपेक्षा बोधकथेच्या जवळचं वाटतं. गावातली माणसं एकेक करून गेंडा होतात, एकटा बेरांजे उरतो. सरळ गोष्ट आहे, निशाणा स्पष्ट आहे. बोधकथेची ताकद वेगळी असते, पण तिथेही किल्ली आहे.

तुम्हाला एक नाटक मिळवून वाचायला सांगते, कारण त्यातही लिफ्टच आहे. इंग्रज नाटककार हॅरॉल्ड पिंटरचं 'द डंब वेटर', लंडनला १९६० मध्ये आलेलं. एका तळघरात दोन भाडोत्री मारेकरी हुकमाची वाट पाहत बसलेत. भिंतीत जेवण वर-खाली नेणारी छोटी लिफ्ट आहे. अचानक ती खाली येते, आत चिठ्ठी: अमुक पदार्थ पाठवा. वर कोण आहे, माहीत नाही. हे हॉटेल नाही. यांच्याकडे गॅसच्या मीटरमध्ये टाकायला नाणंही नाही. पण हुकूम आला म्हटल्यावर दोघं घाबरून आपल्या पिशवीतली बिस्किटं आणि चहाची पुडी वर पाठवतात. पुढच्या चिठ्ठीत आणखी अवघड पदार्थ. वर कोण, हे शेवटपर्यंत कळत नाही. पिंटर आणि बेकेट यांचा स्वभाव एक नाही, पिंटरकडे धमकी असते, दाराबाहेर कुणीतरी असतं. पण वाच आणि बघ, त्याने ती लिफ्ट का आली हे सांगायचा मोह कसा टाळलाय.

एक गोष्ट पुस्तकांत कमी सापडते, म्हणून तालमीतला प्रसंग सांगते. काही वर्षांपूर्वी नौपाड्यातल्या एका शाळेच्या हॉलमध्ये रात्री आम्ही 'गोदो'ची सुरुवात करून पाहत होतो. वाट पाहणाऱ्या दोघांपैकी एक, एस्ट्रागॉन, बूट काढायचा प्रयत्न करतोय, निघत नाही, दमतो, पुन्हा ओढतो, आणि मग म्हणतो की काही करता येण्यासारखं नाही. आमचा मुलगा हुशार होता. तो ते वाक्य दूर कुठेतरी पाहत, भरल्या आवाजात म्हणायचा. सगळी हताशा त्या एका वाक्यात. आणि ते खोटं वाटायचं. दुसऱ्या दिवशी मी जांभळी नाक्यावरून सात नंबरचा बूट आणला. त्याचा पाय नऊचा. घालायलाच पाच मिनिटं गेली. मग म्हटलं, काढ. तो बसला, दोन्ही हातांनी ओढायला लागला, पालथा झाला, भिंतीला टाच लावून बघितलं. मी घड्याळ लावलं होतं, एक मिनिट पन्नास सेकंद. सुरुवातीला सगळे पोट धरून हसत होते. मिनिटभराने हसू थांबलं, कारण त्याचं बोट खरंच दुखत होतं. आणि मग त्याच्या तोंडून ते वाक्य बुटाबद्दल आलं. फक्त बुटाबद्दल. हॉलमध्ये कुणी बोललं नाही.

ॲब्सर्डमधला विनोद असा शरीरातून येतो. सर्कशीतला विदूषक, मूकपटातला टोपीवाला, आपल्या तमाशातला सोंगाड्या, ही त्याची नातेवाईक मंडळी. बेकेटने इंग्रजी 'गोदो'ला शोक-सुखात्मिकाच म्हटलं आहे, दोन्ही एकत्र. नटाने तत्त्वज्ञान खेळायचं नसतं, बूट खेळायचा असतो.

आणि शिस्त. "ॲब्सर्ड म्हणजे काहीही चालतं" असं कुणी म्हणालं तर त्याला सांग, बेकेटच्या 'फुटफॉल्स'मध्ये बाई येरझाऱ्या घालते त्या मोजून नऊ पावलांच्या. दहावं चालत नाही. १९७५ साली बर्लिनमध्ये त्याने स्वतः 'गोदो' बसवलं, तेव्हा आधी हालचालींची सविस्तर वही तयार केली होती. जगाला नियम नाही असं वाटत असेल तर रंगमंचावर नियम दुप्पट कडक लागतात, नाहीतर प्रेक्षकाला नुसता गोंधळ दिसतो. विराम कुठे, किती, हेही ठरलेलं असावं लागतं.

"प्रेक्षकाला कळणार नाही" या भीतीने तुम्ही तो शेवट जोडलात, असं तू लिहिलंयस. ही भीती मला समजते. १९ नोव्हेंबर १९५७ रोजी कॅलिफोर्नियातल्या सॅन क्वेंटिन तुरुंगात सुमारे चौदाशे कैद्यांसमोर 'गोदो' झालं. नट धास्तावलेले होते. शहरातल्या जाणकारांनी ज्या नाटकावर डोकं खाजवलं, ते कैद्यांनी शांत बसून पाहिलं. कुणीतरी येईल म्हणून थांबणं म्हणजे काय, हे त्यांना किल्लीशिवाय ठाऊक होतं. एस्लिन आपलं पुस्तक याच प्रसंगाने सुरू करतो. तुमचा प्रेक्षक रोज ठाणे स्टेशनवर आणि घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये थांबतो, सोसायटीच्या सभांना बसतो. त्याला लिफ्ट कळते.

आता तुमच्या संहितेचं काय करायचं ते सांगते. एकोणीस ते तेवीस ही पानं काढा, सगळी. त्या जागी सभेचं कामकाज पुन्हा येऊ दे. मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणे, हा पहिला विषय असतोच ना? तर सेक्रेटरी इतिवृत्त वाचतात, आणि ते इतिवृत्त म्हणजे नाटकात आतापर्यंत झालेलं सगळं बोलणं, कार्यालयीन मराठीत: "श्रीमती यांनी आठवा मजला आला काय अशी पृच्छा केली. येईल असे सांगण्यात आले." सगळे हात वर करून मंजुरी देतात. आता डिलिव्हरीवालाही हात वर करतो, आणि त्याला कुणी अडवत नाही. त्याचं झिजलंय ते हे, बाहेरचा असणं. मुलगी आता इंटरव्ह्यूची फाइल विसरली आहे, त्या फाइलवरच इतिवृत्त लिहिलं जातंय. लाइट साधा, लिफ्टच्या ट्यूबचा, शेवटपर्यंत तोच. लाल स्पॉट नको.

आणि आजी. डब्यात काय आहे हे लेखकाने ठरवू नये, नटीने तर मुळीच ठरवू नये, पण डब्याला वजन खरं असू दे, आत दोन किलो तांदूळ भरा, म्हणजे तिच्या मांडीला ते जाणवेल. पूर्ण नाटकभर ती विचारते, "आठवा आला का?" शेवटच्या फेरीत तिने एकदाच विचारावं, "सातवा गेला का?" आणि मुलीने तितक्याच सहज म्हणावं, "जाईल." मग मोजून चार सेकंद, आणि ब्लॅकआउट. पुढचा प्रयोग भावे नाट्यगृहात असो की घाणेकरच्या मिनी हॉलमध्ये, तारीख कळव. तालमीला बोलावलंस तर त्याआधीच येते, तो चार सेकंदांचा विराम बसवायला वेळ लागतो.